लॅम्प 900 तासांत गेला, पैसे कुणी भरायचे?

वाचक विचारतात : थिएटरची केबिन

मागच्या अंकात प्रोजेक्टरमधला झेनॉन लॅम्प (पडद्यावर उजेड पाडणारा, झेनॉन वायू भरलेला दिवा) बदलताना काय जपायचं ते लिहिलं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली, ‘वॉरंटीचं कार्ड बिलाला टाचून ठेवा.’ लेखातलं बाकी सगळं बाजूला राहिलं आणि पत्रं आली ती या एका ओळीवर. म्हणजे दुखणं तिथंच आहे. म्हणून यावेळचं सदर पूर्ण वॉरंटीला दिलंय.

नव्या वाचकांसाठी सांगतो. मी 1983 साली पुसेगावच्या यात्रेत तंबूतल्या मशीनवर कार्बन, म्हणजे लॅम्पच्या आधी उजेडासाठी जाळायच्या त्या कांड्या, लावायला शिकलो. पुढं केबिनमध्ये ऑपरेटर झालो, मग गावोगाव फिरणारा सर्व्हिसवाला. वकिली शिकलेलो नाही. पण लॅम्पचे क्लेम बरेच लिहिलेत. काही मंजूर झाले, काही नामंजूर, आणि नामंजुरांपैकी दोन-तीन माझ्याच चुकीनं.

प्रश्न : आमचं 480 खुर्च्यांचं एकपडदा थिएटर आहे. 3 किलोवॅटचा झेनॉन लॅम्प 36,000 रुपयांना घेतला. कार्डावर 1,500 तासांची वॉरंटी. तो 900 तासांवर रात्रीच्या शोला फुटला. लॅम्पभोवतीच्या मिररचेही तुकडे झाले. डीलर म्हणतो, 14,400 रुपये मिळतील आणि तेही पुढच्या लॅम्पच्या बिलात वळते. मिररचं नावच काढत नाही. वॉरंटीत फुटला तर नवा लॅम्प मिळायला नको का? ही फसवणूक नाही का?
— थिएटर-मालक, माण तालुका

तुमचा राग कळतो, पण 14,400 चा आकडा बरोबर आहे.

घरी इन्व्हर्टर असेल तर बॅटरीचं कार्ड काढून बघा. पहिले इतके महिने बॅटरी फुकट बदलून देऊ, त्यापुढचे इतके महिने प्रो-राटा, म्हणजे उरलेल्या मुदतीच्या हिशेबानं पैसे, असं तिथं लिहिलेलं असतं. झेनॉन लॅम्पची वॉरंटी त्याच जातीची, फक्त इथं महिन्यांऐवजी तास मोजतात. 1,500 पैकी 900 तास तुम्ही वापरलेत, त्या उजेडावर तिकिटं विकलीत. उरले 600. म्हणजे 40 टक्के. 36,000 चे 40 टक्के 14,400. वापरलं ते तुमच्या खात्यात, राहिलं ते कंपनीच्या.

तरी डीलरसमोर मान डोलावण्याआधी कार्ड पुन्हा वाचा. काही कार्डांत सुरुवातीचा एक टप्पा असा असतो की त्यात लॅम्प गेला तर पूर्ण बदलून मिळतो आणि प्रो-राटा त्यानंतर लागतो. तुमच्या 900 तासांना तो बहुधा लागू होणार नाही, पण वाचून खात्री करा. दुसरं, टक्के कुठल्या किमतीवर काढलेत? तुमच्या बिलातल्या, की डीलरच्या आजच्या दरपत्रकातल्या? आणि बिलात जीएसटी धरून 36,000 आहेत की सोडून? यात हजार-दोन हजार सहज इकडेतिकडे होतात. पैसे रोख न देता पुढच्या बिलात वळते करणं ही या धंद्यातली जुनी रीत आहे. मला ती आवडत नाही, कारण त्यामुळे तुम्ही त्याच डीलरच्या दावणीला बांधले जाता. पण कार्डावर तसं छापलेलं असेल तर भांडून उपयोग नाही.

खोक्यावरच्या दोन आकड्यांतही माणसं फसतात. एक असतो सरासरी आयुष्य, दुसरा वॉरंटीचे तास. पहिला नेहमी मोठा असतो, आणि विकणारा बोट त्याच्यावरच ठेवतो. क्लेमच्या वेळी चालतो फक्त दुसरा. शिवाय लॅम्प जितक्या जास्त वॅटचा, तितके त्याचे तास कमी. शेजारच्या तालुक्यातल्या 2 किलोवॅटवाल्याला जास्त तासांची वॉरंटी मिळाली म्हणून तुमच्यावर अन्याय झाला असं नाही.

आता मिरर. इथं मात्र तुमच्या पदरात काही पडेल असं वाटत नाही. लॅम्पची वॉरंटी लॅम्पपुरती. तो फुटल्यामुळे आणखी जे मोडलं, जो शो बुडाला, ज्या प्रेक्षकांना पैसे परत द्यावे लागले, त्याची जबाबदारी आमच्यावर नाही, हे वाक्य जवळपास प्रत्येक कार्डावर बारीक अक्षरात असतंच. लॅम्प थंड असतो तेव्हाही त्याच्या क्वार्ट्‌झच्या फुग्यात वातावरणाच्या कितीतरी पट दाबानं झेनॉन वायू भरलेला असतो. जळू लागला की तो दाब सुमारे तिप्पट होतो. असा फुगा मिररच्या मधोमध फुटल्यावर मिरर वाचला तर ते नशीब. थिएटरच्या विम्यात केबिनची यंत्रसामग्री धरली आहे का, आणि धरली असेल तर अशी मोडतोड त्यात येते का, हे एजंटला विचारा. मिररचे पैसे निघाले तर तिथून निघतील.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, ती मीच विचारतो. फुटलेल्या लॅम्पचे तुकडे कुठं आहेत? झाडून फेकले असतील तर क्लेम अवघड आहे. लॅम्पचा नंबर धातूच्या टोपीवर कोरलेला असतो. काचेचा भुगा झाला तरी दोन्ही टोप्या उरतात. त्या उचलून खोक्यात ठेवा. टोपी नाही तर नंबर नाही, आणि नंबर नाही तर 14,400 पण नाहीत.

प्रश्न : नवा लॅम्प बसवला तेव्हा ऑपरेटर प्रोजेक्टरमधला लॅम्पच्या तासांचा काउंटर शून्यावर आणायला विसरला. लॅम्प 600 तासांत गेला, पण स्क्रीनवर 1,950 दिसतात. कंपनी म्हणते वॉरंटी संपली. आता काय?
— व्यवस्थापक, सोलापूर

हे फार होतं. ऑपरेटरला रागावू नका. रात्री बारानंतर लॅम्प बदलणाऱ्या माणसाचा जीव आधी मेन्यूत नसतो, आपल्या हातात असतो.

काउंटर खोटा बोलला तरी प्रोजेक्टरला बाकी सगळं आठवत असतं. डिजिटल प्रोजेक्टरमध्ये एकूण चाललेले तास वेगळे नोंदले जातात आणि लॅम्प किती वेळा पेटवला तेही. वर रोजच्या घडामोडींची लॉग फाइल असते. पुष्कळ मॉडेलांत लॅम्पचा इतिहास असा एक पडदाच असतो. लॅम्प बदलताना त्याचा प्रकार आणि नंबर तिथं भरायचा असतो. लॅम्प कुठल्या तारखेला बसवला ते सर्व्हिसवाल्याच्या चिठ्ठीवरून किंवा डीलरच्या चलनावरून सिद्ध करा. त्या दिवसापासूनची लॉग फाइल काढून घ्या. तिच्याबरोबर शोचा हिशेब जोडा. दिवसाला चार शो, एका शोला साधारण पावणेतीन तास, म्हणजे रोजचे 11 तास. 600 तासांना 55 दिवस लागतात. तुमचं तिकीट-रजिस्टर आणि कंटेंट सर्व्हरवरची (सिनेमाच्या फाइली चालवणाऱ्या संगणकावरची) शोची नोंद हेच 55 दिवस दाखवत असेल, तर कंपनीच्या माणसाला ते फेटाळणं जड जाईल. मी स्वतः अशा कागदांवर एक क्लेम मंजूर करून घेतलाय. वेळ लागला, तीन पत्रं लिहावी लागली.

पुढच्या वेळी मात्र एक शंभर पानी वही आणा, साधी, शाळेतल्या पोराची असते तशी. लॅम्प बसवला त्या दिवशी तारीख, खोक्यावरचा नंबर, टोपीवरचा नंबर, काउंटर आणि करंट किती अँपिअरवर ठेवला ते लिहा. काउंटर शून्य झाल्यावर स्क्रीनचा मोबाइलवर फोटो घ्या, आणि फोटोत लॅम्पचं रिकामं खोकं ठेवा. दर सोमवारी एक ओळ. एवढंच. कार्बनच्या दिवसांत आम्ही किती कांड्या जळल्या ते केबिनच्या भिंतीवर खडूनं लिहायचो, कारण मालक संध्याकाळी मोजायला यायचा. मशीन स्वतः मोजायला लागलं आणि आमची लिहायची सवय मोडली.

प्रश्न : काका, मी दोन महिन्यांपासून केबिनमध्ये शिकतोय. लॅम्प बसवताना चुकून काचेला बोट लागलं. कुणी पाहिलं नाही. वॉरंटी जाईल का?
— शिकाऊ ऑपरेटर, नगर जिल्हा

बाळा, कुणी पाहिलं नाही तरी लॅम्पनं पाहिलंय. बोटाचं तेल आणि घामाचं मीठ तापलेल्या क्वार्ट्‌झवर भाजून निघतं, काच तिथं दुधाळ होते आणि कमजोर पडते. फुटल्यावर तो डाग ओळखणारी माणसं असतात. लॅम्प अजून पेटवला नसशील तर शुद्ध अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घेऊन पूस. पेटवून झाला असेल तर मालकाला सांगून टाक आणि वहीत लिही.

पण मला दुसरीच काळजी लागली. बोट काचेला लागलं म्हणजे हातमोजे नव्हते. मग तोंडावर जाळीची ढाल होती का? जाड जाकीट? थंड लॅम्पसुद्धा फुटतो, त्यातल्या दाबाचं वर लिहिलंय ते वाच. वॉरंटी लॅम्पची असते, तुझ्या डोळ्यांची नाही. मालक साहित्य देत नसेल तर लॅम्पला हात लावू नकोस, आणि हे मी सांगितलं असं बिनदिक्कत सांग.

प्रश्न : आमच्याकडं वीज वारंवार जाते. लॅम्प 400 तासांत काळा पडला आणि पेटेना. कंपनीनं ‘अयोग्य वापर’ असा शेरा मारून क्लेम फेटाळला. वीज जाणं हा आमचा गुन्हा आहे का?
— थिएटर-मालक, परभणी जिल्हा

गुन्हा नाही. पण कंपनी वीज मंडळाची जामीनही नाही. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : ‘वीज गेली की ऑपरेटर खाली उतरून जनरेटर लावतो, चार-पाच मिनिटांत शो चालू.’ लॅम्प मेला तो त्या चार-पाच मिनिटांत.

चालू शोला वीज जाते तेव्हा लॅम्प बंद पडतो, आणि त्याच क्षणी त्याला वारा मारणारा ब्लोअर बंद पडतो, गरम हवा बाहेर ओढणारा छतावरचा एक्झॉस्टही बंद पडतो. लॅम्पच्या टोकाला जिथं धातू आणि क्वार्ट्‌झ एकमेकांत बसवलेले असतात, ती जागा सगळ्यात नाजूक. ती ठरावीक तापमानाच्या वर जाऊ नये म्हणून तर वारा मारायचा असतो. लॅम्प बंद केल्यावरही दहा-पंधरा मिनिटं ब्लोअर चालू ठेवायचा, हा केबिनमधला पहिला धडा. तुमच्याकडं प्रत्येक वीज-खंडाला तो धडा मोडतो. आणि मग जनरेटर लागला की ऑपरेटर तापलेल्या लॅम्पलाच पुन्हा ठिणगी देतो. झेनॉन पेटवायला काही क्षण हजारो व्होल्टचा झटका लागतो आणि प्रत्येक झटक्याला कॅथोडचं, म्हणजे आतल्या मायनसकडच्या टंगस्टनच्या कांडीचं, टोक थोडं झिजतं. झिजलेलं टंगस्टन काचेवर आतून बसतं, काच काळी पडते. काळी काच जास्त उष्णता खाते, आणखी तापते. तुमचा लॅम्प काळा पडला तो असा.

म्हणून मी मालकांना सांगतो, मध्यांतरात लॅम्प विझवून वीज वाचवू नका. पंधरा मिनिटांच्या विजेत जे वाचतं त्याहून जास्त एका झटक्यात जातं. शटर पाडा, लॅम्प चालू राहू द्या.

तुमचा उपाय फार महाग नाही. पूर्ण प्रोजेक्टरला यूपीएस परवडणार नाही हे मान्य, 3 किलोवॅटचा लॅम्प शंभर अँपिअरच्या आसपास ओढतो. पण ब्लोअर आणि एक्झॉस्ट एवढ्यापुरता साधा इन्व्हर्टर बसतो. वायरमनला सांगून त्या दोघांची लाइन वेगळी करून घ्या. त्याआधी प्रोजेक्टरच्या सर्व्हिसवाल्याला विचारा, कारण काही मशीनचा ब्लोअर आतच असतो, त्याला बाहेरून जोडायची सोय वेगळी. एक्झॉस्टच्या नळीत कबुतराचं घरटं नाही ना, तेही बघा. हसू नका. वाऱ्याच्या तक्रारीवर वर चढलो आणि नळीत काड्या, पिसं सापडली, असं माझ्या बाबतीत दोनदा झालंय.

रेक्टिफायरही तपासा, म्हणजे एसी विजेची डीसी करून लॅम्पला देणारं यंत्र. झेनॉनला सरळ डीसी करंट लागतो. रेक्टिफायरमधला एखादा डायोड किंवा कपॅसिटर गेला की करंटमध्ये लहरी येतात, उजेड थरथरतो आणि कॅथोड खचतो. लॅम्प एकामागून एक लवकर जात असतील तर आधी रेक्टिफायर मोजायचा, मग लॅम्पच्या कंपनीला शिव्या द्यायच्या.

रेक्टिफायर म्हटलं की माझी जुनी जखम निघते. 1990 च्या दशकात एका थिएटरमध्ये दुरुस्त करून आणलेला रेक्टिफायर मी जोडला आणि घाईत प्लस-मायनस उलटं झालं. झेनॉनमध्ये प्लसकडचा ॲनोड जाडजूड असतो, कॅथोड टोकदार. उलटा करंट गेला की ते टोक मेणासारखं वितळतं. दोन-चार सेकंद लॅम्प पेटला, निळसर वेडावाकडा उजेड पडला, मी स्विच पाडला. तोवर नवाकोरा लॅम्प संपला होता. मालक म्हणाले, ‘क्लेम कर, आपोआप गेला म्हणून सांग.’ मी केला. कंपनीच्या माणसानं लॅम्प खिडकीसमोर धरला, टोकाकडं पाहिलं आणि मला विचारलं, ‘वायर कुणी जोडली?’ मी गप्प. पुढचे पाच महिने पगारातून कापून घेतले. मालकांचं चुकलं नाही, कंपनीचंही नाही. म्हणून सांगतो, लॅम्पचं टोक पाहून काय झालं ते कळतं. खोटं लिहू नका. जे झालं ते लिहा. ‘इतक्या वेळा वीज गेली, इतक्या वेळा पेटवला’ असं वहीतून दाखवलंत तर कधीकधी अर्धामुर्धा का होईना, मान ठेवतात.

प्रश्न : लॅम्प कमी दिवसांत गेला म्हणून कंपनीला नंबर कळवला, तर त्यांनी सांगितलं की या नंबरचा लॅम्प चार वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यात विकला होता. आम्ही तर तो सहा महिन्यांपूर्वी घेतला. बिल नाही, डीलर ओळखीचा आहे.
— थिएटर-चालक, मराठवाडा

तुम्ही वापरलेला लॅम्प नव्याच्या भावात घेतलात. मीही घेतलाय. एका व्यापाऱ्यानं मला खोकं, फोम, सील, सगळं कोरं दिलं, आतला लॅम्प मात्र कुणाच्यातरी केबिनमधून काढलेला. काचेवर आतून हलकी राखाडी झाक होती, ती मला दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये दिसली नाही. कच्च्या पावतीवर घेतला होता, चार हजार वाचले म्हणून खूश होतो. व्यापारी नंतर म्हणाला, ‘मी तुम्हाला लॅम्प विकलाच नाही.’ कागदावर त्याचं खरं होतं.

तुमच्या बाबतीत आता ओळखीवर जे मिळेल ते घ्या. पुढच्या वेळी पक्कं बिल, बिलावर लॅम्पचा नंबर, आणि दुकानातच खोकं उघडून टोपीवरचा नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघणं. लॅम्प हातात न घेता, त्याच्या संरक्षक वेष्टणातूनच. उन्हात धरला की काचेची झाक दिसते. वॉरंटी लॅम्प लावल्यापासून सुरू होते असंही धरून चालू नका. पुष्कळ कार्डांवर तासांबरोबर विक्रीपासूनची मुदतही असते. दिवाळीसाठी म्हणून आदल्या दिवाळीला घेऊन कपाटात ठेवलेला लॅम्प पेटण्याआधीच वॉरंटीबाहेर गेलेला असू शकतो.

प्रश्न : आमचा छोटा फिल्म क्लब आहे. हॉलमध्ये साधा प्रोजेक्टर वापरतो, झेनॉन नाही. दोन वर्षांची वॉरंटी असताना आठव्या महिन्यात लॅम्प गेला तर पैसे मागतात.
— फोंडा, गोवा

कार्डाची मागची बाजू बघा. दोन वर्षं प्रोजेक्टरला. लॅम्पसाठी वेगळी ओळ असते, बहुतेक वेळा 90 दिवस किंवा ठरावीक तास आणि पुढं ‘जे आधी संपेल ते’. तुमचा लॅम्प पाऱ्याच्या वाफेचा आहे, झेनॉनचे नियम त्याला लावू नका. आणि बाजारातला स्वस्त पर्यायी लॅम्प टाकण्याआधी विचारून घ्या. त्यामुळे प्रोजेक्टर बिघडला तर उरलेले सोळा महिनेही हातचे जातील.

प्रश्न : वॉरंटी नाकारली तर ग्राहक न्यायालयात जाता येतं का? एक वकील म्हणतात थिएटर हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही.
— सांगली

वकील बरोबर सांगतायत, पण अर्धंच. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये व्यापारी हेतूनं वस्तू घेणारा ‘ग्राहक’ धरला जात नाही. पण त्याच व्याख्येत पुढं असंही आहे की स्वतःच्या श्रमावर, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानायची नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात या फरकाची चर्चा केली आहे. यंत्र घेणारा स्वतः ते चालवतो की माणसं लावून धंदा करतो, हे पाहायचं. त्या खटल्यात यंत्र घेणारा हरला होता, हेही सांगायला हवं.

म्हणजे असं : तंबू टॉकीजवाला स्वतः मशीनवर बसतो, बायको तिकिटं फाडते, पोरगा जाहिरातीचा भोंगा लावून गावात फिरतो, तर त्याला म्हणणं मांडायला जागा आहे. चार पडदे आणि तीस नोकर असतील तर दिवाणी न्यायालय. मधल्या माणसांचं काय, ते तुमच्या वकिलानं तुमचे कागद पाहून सांगायचं. जिल्हा ग्राहक आयोगात वस्तूची किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार चालते, 5 लाखांपर्यंत फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा. एका लॅम्पच्या 14,400 साठी वर्षभर तारखा घेण्यापेक्षा डीलरला स्पीड पोस्टानं एक मुद्देसूद पत्र लिहिणं मला स्वस्त वाटतं. फोनवरचं भांडण कुठल्याच आयोगाला दाखवता येत नाही.

प्रश्न : या सगळ्या कटकटीपेक्षा लेझर प्रोजेक्टर घ्यावा म्हणतो. त्याला लॅम्पच नाही. मग वॉरंटीचा प्रश्नच मिटला ना?
— कराड

लॅम्प मिटला. प्रश्न दुसऱ्या खोलीत गेला. लेझर एकदम फुटत नाही, हळूहळू मंदावतो. 20,000 किंवा 30,000 तास असा जो आकडा सांगतात तो बहुधा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा असतो. 30,000 तासांनंतर काय होईल यापेक्षा 9,000 तासांनी पडदा अंधारला तर काय, हे विचारा. डिजिटल सिनेमाचं प्रमाण पडद्यावर 14 फूट-लॅम्बर्टचं (पडद्यावरच्या उजेडाचं माप) आहे. निम्मा उजेड म्हणजे 7. आपले प्रेक्षक त्याच्या कितीतरी आधी ओरडायला लागतात.

तेव्हा सही करण्याआधी करारात लिहून घ्या की उजेड किती टक्क्यांखाली गेला तर बिघाड मानायचा, तो कुणी मोजायचा आणि कुठल्या मीटरनं. आणि मशीन बसवतील त्याच रात्री, नवा पडदा, पोर्टची (केबिनच्या खिडकीची) काच स्वच्छ असताना, मधोमध मोजलेला आकडा त्यांच्या इंजिनिअरच्या सहीनिशी घ्या. शंभर पानी वहीच्या पहिल्या पानावर.